दंड, डीजे आणि खजूर

परवा वीकांताला यवतमाळला घरी गेलो होतो. बालमित्र डीजे वाजवतो. रिटर्नच्या कागदांचा गठ्ठा घेऊन आला. (सॉफ्टवेअरवाल्याला सगळंच कळतं, असा गावात समज आहे!) डिझेल, पोरांची मजुरी, स्पीकरची दुरुस्ती, मिक्सरचा घसारा... सगळं खर्चात बसलं. शेवटी एक पावती निघाली: वरातीत रात्री दहानंतर वाजवल्याचा दंड.

"हेही टाक ना बे, धंद्यातच गेले नं पैसे!"

वाटतं खरं बिनतोड. पण हाच मुद्दा खजूर आयात करणारी एक पेढी सुप्रीम कोर्टात हरली आहे. आगबोटीने खजूर आणायला बंदी होती, तरी आणला. कस्टम्सने जप्त केला, तो सोडवायला दंड भरला आणि तोच खर्चात दाखवला. 1960 च्या सुमारास कोर्ट म्हणालं, कायदा मोडल्याचा दंड हा धंद्याचा खर्च नव्हे. पुढे 1998 मध्ये संसदेने 1961 च्या आयकर कायद्यातल्या 37व्या कलमात तसं स्पष्टीकरणच जोडलं, तेही 1962 पासून लागू! (आम्हाला असा मागच्या तारखेचा पॅच कोण टाकू देतंय?) आणि दहाची मर्यादा 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली.

"म्हणजे खजुरापायी माहे पैसे बुडाले?" मित्राने पावती घडी करून खिशात टाकली. संध्याकाळी त्याची पुसदला ऑर्डर होती.