एका दिवसाचे अंतर : मुंबईच्या किनाऱ्यावर गोठलेला कायदा

१९ फेब्रुवारी १९९१. दिल्लीत केंद्र सरकारने सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना काढली. २० फेब्रुवारी १९९१. मुंबईत राज्य शासनाने बृहन्मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली मंजूर केली. ती २५ मार्चपासून अमलात आली. दोन्ही कागदांत अंतर एका दिवसाचे. त्याची किंमत मात्र किनाऱ्यालगतची मुंबई पुढे जवळजवळ तीन दशके मोजत राहिली.

या अधिसूचनेचे मूळ १९८१ सालात आहे. त्या वर्षी पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरांची पट्टी बांधकामापासून मोकळी ठेवण्यास सांगितले. पत्राला कायद्याचे बळ नव्हते. ते १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने दिले. त्या कायद्याच्या कलम २४ नुसार इतर कायद्यांशी विसंगती आली, तर याच कायद्याचा शब्द वरचढ. नगररचना हा राज्याचा प्रांत, मुंबईची नियमावली १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालची. पण या पट्टीत तिला दुय्यम स्थान पत्करावे लागले.

मुंबईचा आधीच बांधून झालेला बराचसा किनारी भाग ‘सीआरझेड-२’ मध्ये मोडला. तिथे रस्त्याच्या जमिनीकडील बाजूस बांधकामाला परवानगी होती, अट एकच : ‘अस्तित्वातील’ स्थानिक नगररचना नियम आणि चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, पाळावा. सारा वाद या एका शब्दात दडला होता. अस्तित्वातील, म्हणजे कोणत्या दिवशीचे?

१९ फेब्रुवारीला नवी नियमावली मंजूर झालेली नव्हती. १९८९ चा मसुदा तेवढा होता. अमलात होते ते १९६७ चे नियम. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो एका हॉटेलच्या निमित्ताने. जुने नियम हॉटेलला जादा चटई क्षेत्र देण्याच्या बाबतीत सैल होते, म्हणून विकासकाला तेच हवे होते. उच्च न्यायालयाने मसुद्याला ग्राह्य धरले. डिसेंबर २००७ मध्ये ‘सुरेश इस्टेट्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले : मंजुरी न मिळालेला मसुदा हा कायदा नव्हे, अस्तित्वातील नियम १९६७ चेच.

तर्क निर्दोष होता. परिणाम मात्र विचित्र झाला. समुद्र वाचवण्यासाठी काढलेल्या अधिसूचनेने विकासकाच्या हातात जुने, अधिक उदार नियम दिले. आणि त्याच पट्टीतल्या झोपडपट्टीवासीयांच्या वाट्याला नेमके उलटे आले. १९९५ नंतर शहरभर राबवली गेलेली झोपडपट्टी पुनर्वसन योजना १९६७ च्या नियमांत असणार कशी? रस्त्यापलीकडची वस्ती, पाचशे मीटरांच्या बाहेर असल्यामुळे, नव्या सवलतींनी उभी राहू शकत होती. अलीकडची गळक्या छपराखाली थांबून राहिली. मोडकळीस आलेल्या उपकरप्राप्त इमारतींचा प्रश्नही तसाच चिघळला. समुद्राचे रक्षण आणि माणसाचे छप्पर यांना इथे एकमेकांसमोर उभे केले ते कोणत्याही धोरणाने नव्हे, तारखेने.

६ जानेवारी २०११ च्या नव्या अधिसूचनेने गाठ थोडी सैल केली. बृहन्मुंबईतील झोपडपट्ट्या आणि धोकादायक इमारतींच्या पुनर्विकासाला प्रकल्पमंजुरीच्या वेळचे नियम लागू झाले; झोपडपट्टीसाठी शासनाचा किमान ५१ टक्के हिस्सा ही अट होती. उरलेल्या बांधकामांचे घड्याळ १९९१ मध्येच थांबलेले राहिले.

ते हलले १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने. तिने चटई क्षेत्राचे प्रमाण प्रसिद्धीच्या दिवशी असेल ते, असे ठरवले. मुंबईत तिचा लाभ किनारा व्यवस्थापन आराखडा २०२१ मध्ये मंजूर झाल्यावरच मिळाला. या खेपेस क्रम उलटा होता : शहराची नवी नियमावली १ सप्टेंबर २०१८ लाच लागू झालेली होती. एफएसआय मात्र पुन्हा एका तारखेला बांधला गेला. त्यानंतर तो बदलायचा, तर राज्याला केंद्राचे दार ठोठवावे लागते.