जलराक्षसीची पूर्वकथा : स्किला आणि वर्गा

समुद्राकाठच्या लोकांच्या कथांत पाण्यातली एखादी भयंकर स्त्री बहुधा आढळते. ती नावा अडवते, माणसे ओढून नेते, आणि शेवटी कोणी वीर तिच्या तावडीतून सुटतो. ऐकणाऱ्याचे मन साहजिकच त्या वीराच्या मागे जाते. पण अशी कथा अनेकवार सांगून झाली, म्हणजे एखाद्या पिढीला निराळाच प्रश्न सुचतो : ही बाई मुळात अशी का झाली? राक्षसीला पूर्वकथा देण्याची ही रीत आजच्या कादंबऱ्यांत व चित्रपटांत पुष्कळ दिसते, म्हणून ती आजचीच असावी असा समज होतो. वस्तुतः ती निदान दोन हजार वर्षांची जुनी आहे. ग्रीक कथेतील स्किला हे तिचे ठळक उदाहरण. त्या कथेचा इतिहास पाहून, मग महाभारतातील वर्गेच्या कथेशी तो ताडून पाहावा, असा आमचा विचार आहे.

इटलीचे टोक आणि सिसिली बेट यांच्यामध्ये मेसिनाची सामुद्रधुनी आहे. सर्वांत अरुंद जागी तिची रुंदी सुमारे ३ किलोमीटर. तिच्या दोन बाजूंच्या समुद्रांच्या भरती-ओहोटीच्या वेळा उलट असतात. एकीकडे पाणी चढते तेव्हा दुसरीकडे ते उतरते. त्यामुळे दर सहा तासांच्या सुमारास प्रवाहाची दिशा पालटते आणि जागोजाग भोवरे उठतात. शिडांच्या व वल्ह्यांच्या नावांना ही वाट किती कठीण गेली असेल, हे आपल्या किनाऱ्यावरील वाचकांना सांगावयास नको. इटलीच्या बाजूला समुद्रात घुसलेला एक उंच खडक आहे. त्याच्या पायथ्याचे गाव आजही त्या राक्षसीचेच नाव चालवते. तेथील लोक त्याचा उच्चार ‘शिल्ला’ असा करतात.

होमरच्या ‘ओडिसी’ काव्याच्या बाराव्या सर्गात ही स्किला येते. बारा पाय, सहा लांब माना, प्रत्येक तोंडात दातांच्या तीन रांगा, आणि आवाज मात्र नुकत्याच जन्मलेल्या कुत्र्याच्या पिलासारखा. ओडिसियसची नाव खडकाखालून जाताना ती त्याचे सहा सोबती उचलून नेते. आपल्या साऱ्या भटकंतीत याहून करुण दृश्य आपण पाहिले नाही, असे तो पुढे सांगतो. होमर तिच्या आईचे नाव देतो. पण ती अशी का झाली, याविषयी अवाक्षर काढत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्किलेपासून सावध राहा, असे ओडिसियसला आधी बजावते ती मायाविनी सर्सी. होमरच्या काव्यात या दोघींमध्ये कसलेही वैर नाही.

पुढील काळात विचारी लोकांनी या कथेचे निरनिराळे अर्थ लावले. पॅलिफॅटस नावाच्या ग्रीक लेखकाने म्हटले, की स्किला ही राक्षसी नव्हेच. ते चाच्यांच्या एका जलद गलबताचे नाव होते. भूगोलकार स्ट्रॅबोने पॉलिबियसच्या आधारे या खडकाजवळच्या तरवारमाशांच्या शिकारीचे वर्णन केले आणि होमरच्या वर्णनाशी तिचे नाते जोडले. कारागिरांनी तर तिचे रूपच पालटले. इ. स. पूर्व पाचव्या शतकातील मातीच्या उठावचित्रांत आणि सिसिलीतील अक्रागस नगराच्या नाण्यांवर ती कमरेपर्यंत सुंदर स्त्री आहे, खाली मासळीची शेपटी आहे, आणि कमरेशी कुत्र्यांची तोंडे आहेत. १९५७ साली रोम व नेपल्स यांच्या दरम्यान स्पेरलोंगा येथे रस्ता बांधताना एका गुहेत संगमरवराचे हजारो तुकडे सापडले. त्यांत ओडिसियसच्या नावेवर तुटून पडणारी भव्य स्किला होती. ते अवशेष रोमला नेऊ देण्यास गावकऱ्यांनी विरोध केला, आणि १९६३ साली तेथेच संग्रहालय उघडले.

अर्धी स्त्री दिसू लागली, तेव्हा ती पूर्वी पूर्ण स्त्री असेल का, हा प्रश्न फार दूर नव्हता. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर रोमन कवी ओव्हिड याने दिले. त्याच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्याची रचना इ. स. ८ च्या सुमारास पुरी झाली. त्याच्या तेराव्या-चौदाव्या सर्गांत स्किला ही सागरदेवतांची सखी असलेली एक कुमारिका आहे. ग्लॉकस हा मूळचा कोळी. एक वनस्पती खाऊन तो समुद्रदेव झालेला असतो. तो स्किलेवर मोहित होतो, ती त्याला टाळून पळते. तो सर्सीकडे उपाय मागावयास जातो, तर सर्सीच त्याच्यावर अनुरक्त होते. तो तिला नकार देतो. देव असलेल्या ग्लॉकसला तिला इजा करता येत नाही, आणि तशी तिची इच्छाही नसते. म्हणून तिचा राग वळतो तो स्किलेवर. भर दुपारी स्किला ज्या डोहात विसावते, त्यात सर्सी विष कालवते. स्किला कमरेइतक्या पाण्यात उतरते, तोच तिच्या भोवती भुंकणारी तोंडे दिसू लागतात. ती आपल्याच देहाची आहेत यावर तिचा प्रथम विश्वास बसत नाही. ती त्यांना दूर लोटते, पळते. पण ज्यांच्यापासून पळावयाचे, ती तिच्याबरोबरच येतात.

यापुढचा भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. संधी मिळताच स्किला सूड घेते. पण तो सर्सीवर नव्हे, सर्सीला प्रिय झालेल्या ओडिसियसच्या निरपराध नावाड्यांवर. सर्सीचा राग जसा भलत्याच ठिकाणी पडला, तसाच स्किलेचाही. शेवटी ती खडक होते. ओव्हिडच्या काव्यात रूप पालटल्यानंतर तिच्या तोंडी एकही शब्द नाही. आणि हीच स्किला, कुमारिका असताना, रडणाऱ्या गॅलाटियाचे डोळे पुसते आणि तिला दुःखाचे कारण विचारते. तिला स्वतःला मात्र पुढे कोणीच काही विचारले नाही. ग्लॉकस रडला आणि निघून गेला.

नंतरच्या कलावंतांनीही बहुधा सर्सीकडेच पाहिले. वॉटरहाउस या इंग्रज चित्रकाराच्या १८९२ सालच्या प्रसिद्ध चित्रात पाण्यात हिरवे विष ओतणारी सर्सीच सारे लक्ष वेधून घेते. मॅडलिन मिलर यांच्या २०१८ सालच्या कादंबरीत स्किलेला राक्षसी केल्याचा पश्चात्ताप आहे, पण तोही सर्सीच्या तोंडून. अपराध करणारीला वाणी मिळाली. जिचा अपराध झाला ती मुकीच राहिली.

आता आदिपर्वाकडे वळू. वनवासात असलेला अर्जुन दक्षिण समुद्राच्या काठी येतो. तेथे अगस्त्य, सौभद्र, पौलोम, कारंधम आणि भारद्वाज अशी पाच तीर्थे आहेत. पण तपस्वी लोकांनी ती सोडून दिलेली आहेत. पाच ग्राह, म्हणजे मगरी, स्नानाला उतरणाऱ्यांना ओढून नेतात, असे त्याला कळते. सर्वांनी वारले तरी तो सौभद्र तीर्थात उतरतो. मगर त्याला पकडते. तो तिला बळाने काठावर ओढतो, आणि पाहतो तो ती दिव्य स्त्री होते. अर्जुन तिला विचारतो : तू कोण, आणि या दशेला कशी आलीस?

ती आपली कथा स्वतः सांगते. ती कुबेराची आवडती अप्सरा वर्गा. सौरभेयी, समीची, बुद्बुदा आणि लता या चार सख्यांसह तिने एका तपस्वी ब्राह्मणाला मोहात पाडण्याचा यत्न केला. त्याने त्या पाचही जणींना शंभर वर्षे ग्राह होण्याचा शाप दिला. त्यांनी काकुळतीने विनवल्यावर उःशापही दिला : कोणी श्रेष्ठ पुरुष पाण्यातून तुम्हांला काठावर ओढील, तेव्हा तुम्ही मुक्त व्हाल. वाटेत त्यांना नारद भेटले. त्यांनीही दुःखाचे मूळ विचारले, आणि ही पाच तीर्थे दाखवून दिली. आपली सुटका होताच वर्गा अर्जुनाला विनवते, की माझ्या सख्यांनाही सोडव. तो चौघींना सोडवतो, आणि त्या स्थळांना नारीतीर्थे हे नाव मिळते.

या दोन कथा सर्वस्वी सारख्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. वर्गेच्या हातून प्रमाद घडला होता. स्किलेचा कसलाही दोष नव्हता. वर्गेला मुदतीचा शाप होता. स्किलेच्या वाट्याला उःशाप आलाच नाही. दोन्ही कथांत माणसांचे बळी गेले, आणि पूर्वकथा कळल्याने ते परत येत नाहीत. पूर्वकथा म्हणजे माफी नव्हे. परंतु एका कथेत मगरीशी झुंजणारा वीर तिला काठावर आणल्यानंतर प्रश्न विचारतो. दुसरीत तो प्रश्न विचारणारे कोणी नाही. म्हणून एकीकडे ओस पडलेली तीर्थे पुन्हा स्नानाला मोकळी झाली, आणि दुसरीकडे उरला तो नुसता खडक.

मंदिरांतून महाभारताचे पुराण चालते, तेव्हा अर्जुनाच्या वनवासातील हा अध्याय उलूपी, चित्रांगदा आणि सुभद्रा यांच्या कथांमध्ये झटकन मागे पडतो. पुराणिकांनी तेथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. अर्जुनाचे बाहुबळ तर सर्वांना ठाऊक आहेच. पण त्या दिवशी तीर्थे मोकळी झाली ती एकट्या बळाने नव्हे. काठावर येताच त्याने शस्त्र उचलले नाही, विचारपूस केली.