हौशी कोणाला म्हणावे? : ब्रुकलाइन, २० सप्टेंबर १९१३

'हौशी' हा शब्द मराठी माणसाला परका नाही. राज्य नाट्यस्पर्धेपासून गल्लीतल्या भजनी मंडळापर्यंत आपण तो सहज वापरतो, आणि त्यात थोडे कौतुक व थोडी सवलत मिसळलेली असते. इंग्लंड-अमेरिकेच्या क्रीडाइतिहासात मात्र याच अर्थाच्या शब्दाने दीर्घकाळ भिंतीचे काम केले. हौशी म्हणजे खेळावर पोट भरण्याची गरज नसलेला. स्पष्टच बोलायचे तर, पोटाची सोय आधीच झालेला. ही भिंत एका तरुणाने एका पावसाळी दिवशी कशी ओलांडली, याची कथा गोल्फच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. ती आम्हाला जरा वेगळ्या अंगाने सांगावीशी वाटते.

बोस्टनलगतच्या ब्रुकलाइन गावात 'द कंट्री क्लब' ही श्रीमंतांची संस्था. तिच्या मैदानासमोर, रस्त्यापलीकडे, फ्रान्सिस विमेटचे घर होते. बाप फ्रेंच-कॅनडियन, आई आयरिश वंशाची; घरची स्थिती बेताची. मुलगा याच मैदानावर कॅडी म्हणून, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहून, खेळ शिकला. सोळाव्या वर्षानंतर पैसे घेऊन पिशवी वाहिली तर हौशीपण संपते, असा त्या काळचा नियम होता. विमेटने वेळीच ते काम सोडले आणि पुढे क्रीडासाहित्याच्या दुकानात नोकरी धरली.

१९१३ची यू. एस. ओपन स्पर्धा याच मैदानावर झाली. हॅरी व्हार्डन व टेड रे या इंग्लंडहून येणाऱ्या व्यावसायिकांना सहभागी होता यावे म्हणून ती सप्टेंबरपर्यंत लांबवली होती. व्हार्डनने ब्रिटिश ओपन तोवर पाच वेळा जिंकली होती. रे १९१२चा विजेता. चार फेऱ्यांअखेर दोघांचे ३०४ फटके झाले. वीस वर्षांच्या विमेटनेही शेवटच्या सहा होलांत दोन फटके वाचवून नेमका तोच आकडा गाठला. निकालासाठी दुसऱ्या दिवशी तिघांनी आणखी अठरा होल खेळायचे ठरले.

त्या दिवशी विमेटची पिशवी होती दहा वर्षांच्या एडी लोवरीकडे. शाळा बुडवून आलेला हा पोरगा पिशवीपेक्षा फार उंच नव्हता. एवढ्या मोठ्या सामन्याला अनुभवी कॅडी घ्यावा असे विमेटला सुचवण्यात आले; त्याने नकार दिला.

पहिल्या नऊ होलांअखेर तिघांचेही ३८ फटके झाले होते. दहाव्यावर विमेटला तीन लागले, इतरांना चार. बाराव्यावर आणखी एकाची भर पडली. तेराव्यावर व्हार्डनने एक परत मिळवला; पंधराव्यावर सहा फटके लागल्याने रे मागे पडला. सोळा होल संपले तेव्हा व्हार्डन फक्त एका फटक्याने मागे होता. सतराव्या होलची वाट मध्येच वळते. ते वळण कापून जवळची वाट साधण्याच्या प्रयत्नात व्हार्डनचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला. त्याला पाच लागले, विमेटला तीन. अखेरचा हिशेब : विमेट ७२, व्हार्डन ७७, रे ७८. यू. एस. ओपन जिंकणारा विमेट हा पहिला हौशी खेळाडू. लोकांनी त्याला खांद्यावर घेतले; त्या पोरासाठी टोपी फिरवून वर्गणी गोळा केली. बक्षिसाची रक्कम मात्र नियमाप्रमाणे विमेटला घेता येत नव्हती.

कथा बहुधा इथे संपवली जाते, आणि आमचा आक्षेप याच शेवटाला आहे. ज्याला त्याने हरवले तो व्हार्डनही माळ्याचा मुलगा आणि बालपणीचा कॅडी होता. म्हणजे त्या दिवशी भिंतीच्या दोन्ही बाजूंना गरिबाघरचीच मुले उभी होती. एकाने खेळ हा व्यवसाय केला एवढ्यासाठी तो व्यावसायिक. आणि विलायतेतील अनेक क्लबांत अशा व्यावसायिकांना सभासदांच्या दालनात प्रवेश नसे. दुसऱ्याचे हौशीपणही फार काळ टिकू दिले गेले नाही. क्रीडासाहित्याच्या व्यवसायात भागीदार असल्याच्या कारणावरून अमेरिकन गोल्फ संघटनेने १९१६ साली विमेटचा हौशी दर्जा काढून घेतला. तो सैन्यात दाखल झाल्यावर, १९१८मध्ये, परत दिला. ज्याच्या विजयाने देशाला हा खेळ आपलासा वाटू लागला, त्याला पोटापाण्याचा उद्योग करण्याचे हे शासन होते.

विमेटने कडवटपणा धरला नाही. १९३१ साली त्याने राष्ट्रीय हौशी अजिंक्यपद दुसऱ्यांदा मिळवले. १९५१ साली सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबचा तो पहिला अमेरिकन कप्तान झाला. १९४९ साली त्याच्या नावाने कॅडींच्या शिक्षणासाठी निधी सुरू झाला होता. आमच्या मते त्याचे खरे स्मारक तेच. यू. एस. ओपन हौशी खेळाडूने जिंकल्याला १९३३नंतर योग आलेला नाही.

लोवरी पुढे सॅन फ्रान्सिस्कोत मोटारविक्रीत धनवान झाला. दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. १९६७ साली विमेट वारला, तेव्हा त्याला खांदा देणाऱ्यांत लोवरी होता.