पैले पंजा देख

मागच्या थंडीत सिद्धेश्वर धरणाच्या काठावर पक्षी बघायला गेलो होतो. सोबत ओळखीचे चार-पाच जण होते. त्यांतला एक जण हसत म्हणाला, "तुमच्यात पक्षी म्हणजे खायचा विषय, बघायचा नाही." बोलण्यात द्वेष नव्हता, गंमत होती. मी तेव्हा काही बोललो नाही, पण घरी येताना वाटभर तेच डोक्यात होते. कारण त्याचे म्हणणे अर्धे खरे होते.

आमच्या घरी पक्ष्याविषयी पहिला प्रश्न एकच असे, "अब्बा, ये हलाल है क्या?" कळमनुरीकडच्या आमच्या गावात तेव्हा कुणी तितर आणून द्यायचे, कुणी पारवा. अब्बा पक्षी हातात घेत, त्याचा पाय उलटा करत आणि म्हणत, "पैले पंजा देख." हनफी घरांतला हा जुना नियम आहे. नख्यांनी सावज पकडून फाडणारे पक्षी खायचे नाहीत. घार, शिकरा, घुबड वर्ज्य. तितर, कबुतर, लावरी चालतात. नियम धर्माचा होता, पण तो पाळायला पक्ष्याचे शरीर नीट बघावे लागे. ही पक्षीशास्त्राची पहिली पायरी आहे, हे मला फार उशिरा कळले.

आणि कळले ते एका मुसलमान मुलाच्या गोष्टीमुळे. सलीम अली हे नाव आपण शाळेत पाठ करतो. 1896 साली मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईवडील लवकर गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी सांभाळले. दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी पूर्वी पाहिलेली नव्हती, म्हणून हा मुलगा मामांकडे गेला. आत्मचरित्रात त्यांनीच सांगितले आहे, की त्यांना पडलेला प्रश्न होता, ही खायला हलाल आहे का? मामांना चिमणी ओळखता आली नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवले. मिलार्डनी पक्षी ओळखला, पीतकंठी चिमणी. मग कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. मुलगा तिथे जो अडकला, तो आयुष्यभरासाठी.

आता मिलार्डनी काय बघितले असेल? जाड, टोकदार, दाणे फोडणारी चोच. तीन बोटे पुढे, एक मागे, म्हणजे फांदी धरणारा पाय. इतक्यावरून हा चिमणीसारखा पक्षी आहे हे ठरते. गळ्याचा पिवळा डाग, खांद्यावरचा तांबूस पट्टा आणि पंखावरच्या पांढर्‍या रेघा यांवरून कोणती चिमणी ते ठरते. आधी गट, मग जात. रंग सगळ्यात शेवटी.

सिद्धेश्वर किंवा येलदरीच्या काठावर हेच करून बघा. चपटी चोच आणि बोटांमध्ये पडदा असेल तर बदक. पडदा चारही बोटांना जोडणारा आणि चोचीच्या टोकाला आकडा असेल तर पाणकावळा. काड्यांसारखे लांब गुलाबी पाय आणि सुईसारखी काळी चोच दिसली, तर चिखलात किडे टिपणारा शेकाट्या. आकड्यासारखी चोच, वाकड्या नख्या, म्हणजे शिकारी. शिकारी असून डोळे माणसासारखे समोर असतील, तर घुबड. पोट कसे भरतो हे पक्ष्याच्या चोचीत आणि पायांत लिहिलेले असते.

एक उदाहरण खास आपल्या घरांतले. कुरआनात हजरत सुलेमान यांना सबाच्या राणीची खबर आणून देणारा हुदहुद येतो. आपल्यातले कित्येक जण सुतार पक्ष्यालाच हुदहुद समजतात, कारण तुरा दोघांना. पण चोच बघा. सुताराची सरळ, छिन्नीसारखी. हुदहुदची लांब, बारीक, वाकलेली. पाय बघा. सुताराची दोन बोटे पुढे, दोन मागे, शिवाय खोडाला टेका द्यायला ताठ शेपटी. हुदहुद मात्र बहुतेक वेळ जमिनीवरच चालत किडे शोधतो. तुर्‍यावर विसंबलो की फसलो.

पुढे सलीम अलींनी आपल्याच मुलखात काम केले. हिंगोली तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्यात होती. 1931-32 मध्ये त्यांनी या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. खर्च संस्थानाचा, मेहनत त्यांची. पक्ष्याचा पंख, शेपटी, चोच आणि पाय मोजून नोंदवायचे, असे ते काम. त्या पक्ष्यांवरच्या शास्त्रीय टिपा ह्यू व्हिसलर या इंग्रज तज्ज्ञाने लिहिल्या. या दोघांची ओळख भांडणातून झाली होती. भृंगराजाच्या शेपटीबद्दल व्हिसलरची चूक सलीम अलींनी दाखवून दिली. एक अनोळखी हिंदुस्थानी आपली चूक काढतो, याचा त्यांना राग आला. पण त्यांनी आपल्याकडचे नमुने पुन्हा तपासले, चूक कबूल केली आणि पुढे ते पक्के दोस्त झाले. शेपटीच्या पिसांपुढे साहेब आणि नेटिव्ह हा भेद टिकला नाही.

ही नजर त्यांच्याआधीही आपल्याकडे होती. बाबराने हिंदुस्थानच्या पक्ष्यांची वर्णने लिहिली, जहांगीरने सारसांच्या जोडीवर लक्ष ठेवून नोंदी केल्या, त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने पक्षी पीस न् पीस रंगवले. मोगल बादशहांच्या या बाजूवर सलीम अलींनी 1920च्या दशकात लेख लिहिले होते.

शरीर सगळेच सांगते असेही नाही. ससाणा आणि शिकरा दोघांनाही आकड्याची चोच, दोघांनाही नख्या. पण 2008 मध्ये जनुकांच्या मोठ्या अभ्यासात दिसले, की ससाण्याचे जवळचे नाते पोपट आणि चिमण्यांशी आहे, शिकर्‍याशी नाही. सारख्या धंद्याने दोघांना सारखी हत्यारे मिळाली. नात्याच्या बाबतीत पंजा फसवतो, हे अब्बांना ऐकवायला हवे होते. ते आता नाहीत.

तर धरणावरच्या त्या मित्राला माझे उत्तर असे. होय, आमच्याकडे सुरुवात खाण्यापासूनच झाली. पण तो प्रश्न विचारणार्‍याला पक्षी आधी नीट बघावा लागे, आणि त्यातलाच एक मुलगा खायचे विसरून बघतच राहिला. 1941 साली त्याने भारतीय पक्ष्यांवर जे पुस्तक लिहिले, त्यावर आपल्या सगळ्यांचे पक्षी बघणे उभे आहे.

आपल्या लोकांनाही एक सांगायचे आहे. तितर हलाल आहे, पण 1972च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे. हलाल म्हणजे परवानगी, सक्ती नव्हे. माझा मुलगा परवा बाभळीवरचा पक्षी दाखवून विचारत होता, "अब्बा, ये कौन सा है?" प्रश्न बदलला आहे. मी मात्र जुनेच उत्तर दिले, "पैले पंजा देख." आणि दुर्बीण त्याच्या हातात दिली.