उपऱ्याचे चित्र

रविवारच्या पहाटेच्या मिस्सेसाठी आम्ही वाकडहून निघतो, तेव्हा अर्धवट उभ्या इमारतींच्या पायथ्याशी असलेल्या पत्र्याच्या खोल्यांतून चुलींचा धूर निघत असतो. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड येथून आलेली ही माणसे. त्यांच्यापैकी एकाचेही नाव आम्ही कधी विचारलेले नाही. तरीही मनात एक शब्द तयार असतो, ‘भय्ये’. त्या शब्दामागोमाग अस्वच्छता, गर्दी आणि चोरीचा संशय यांचे एक चित्रही उमटते. हे चित्र आम्ही काढलेले नाही. ते आम्हांस आयते मिळाले आहे. अशी चित्रे कोठून येतात आणि पुढे काय घडवितात, हे इतिहासाला विचारून पाहावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. पोर्तुगीज अमलातील गोव्यातून पोटासाठी मुंबईस आलेले अनेक कॅथलिक धोबीतलाव परिसरातील ‘कूडां’त, म्हणजे गावागावांनी चालविलेल्या सामायिक निवासांत, राहत. कोणी बोटीवर खलाशी झाला, कोणी आचारी, कोणी वादक. हिंदी चित्रपटाने मात्र त्यांच्या हाती बाटली दिली. ‘बॉबी’ (१९७३) मधील जॅक ब्रगांझा काय, ‘ज्यूली’ (१९७५) मधील अँग्लो-इंडियन इंजिन-ड्रायव्हर बाप काय, किंवा ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गुत्तेवाला अँथनी काय. माणसे प्रेमळ, पण दारू आणि मोडके हिंदी त्यांना चिकटलेलेच. विशेष असे की, अँथनी गोन्साल्विस हे नाव एका खऱ्या माणसाचे होते. गोव्यातील माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक त्याच चित्रपटाच्या संगीतकार जोडीतील प्यारेलाल यांचे गुरू. पडद्यावरचा झिंगलेला अँथनी देशाने पाहिला. पडद्यामागे स्वरलिपी लिहिणारे गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसोझा किंवा फ्रँक फर्नांड कोणास दिसले नाहीत.

पडद्यावरच्या या थट्टेने आपली मने दुखावली. दक्षिणेकडून आलेल्यांच्या वाट्याला याहून अधिक आले. १९६० साली निघालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने मुंबईच्या कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. मराठी तरुणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न खरा होता. परंतु त्या प्रश्नाला लुंगीवाल्याचा चेहरा चिकटविला गेला. ‘पडोसन’ (१९६८) मधील मास्टर पिल्लईला सारा देश हसला. त्याच दशकात मुंबईत उडुपी हॉटेलांवर दगड पडत होते. विनोदाने दगड मारला असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याचे आधी हसे झालेले असते, त्याच्यावर हात उगारणे सोपे जाते.

ही रीत आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिकांना व्यंगचित्रांत माकडाचे तोंड दिले जाई. १८७१ साली ‘हार्पर्स वीकली’त टॉमस नास्ट याने कॅथलिक बिशपांना शाळकरी मुलांवर चालून येणाऱ्या मगरी म्हणून रंगविले. हा नास्ट स्वतः लहानपणी जर्मनीहून आलेला स्थलांतरित! पुढे आयरिश स्थिरावले आणि पाळी आली ती मेक्सिकोहून आलेल्या स्पॅनिशभाषक, बहुतांशी कॅथलिक मजुरांची. मूकपटांनी त्यांना दरोडेखोर ठरविले. इतके की, १९२२ साली मेक्सिको सरकारने असे चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांवर बंदी घातली. १९४३ साली लॉस एंजेलिसच्या वृत्तपत्रांनी मेक्सिकन तरुणांना गुंड म्हणून रंगविले आणि त्याच जूनमध्ये नौसैनिकांनी त्यांना रस्त्यात गाठून मारहाण केली. चेहरे बदलले, चौकट तीच राहिली.

आता आपल्याकडे परत येऊ. २००८ साली उत्तर भारतीयांवर हल्ले झाले, तेव्हा पुणे आणि नाशिक परिसरातून हजारो कामगार गाड्या भरून निघून गेले. ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीत, जालन्याहून पायी घरी निघालेले मध्य प्रदेशातील सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपी गेले आणि मालगाडीखाली चिरडले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र सर्वत्र छापून आले, तेव्हा साऱ्यांचे डोळे पाणावले. परंतु आधी धोका आणि मग दयेचा विषय. या दोन चित्रांच्या मध्ये जो माणूस असतो, तो दोन्ही वेळा हरवतोच.

वाकड हे म्हातोबाच्या यात्रेचे शेतकरी गाव. येथे आम्हीही उपरेच आहोत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. मागोमाग मोटारींचे कारखाने आले, हिंजवडीत संगणकाच्या कचेऱ्या आल्या, आणि गोवा, केरळ, तमिळनाडू, वसई, नगर येथील कॅथलिक कुटुंबे एका वेदीभोवती जमली. आज आमच्या सोसायट्यांना फाटके आहेत आणि फाटकावर कोणाला अडवायचे हे आम्हीच ठरवितो. काल ज्यांचे चित्र इतरांनी काढले, त्यांच्याच हाती आज पेन्सिल आली आहे. नास्टच्या हातीही ती अशीच आली होती.

हेरोदाच्या भयाने मिसर देशी गेलेल्या पवित्र कुटुंबाची गोष्ट आम्ही दर नाताळात मुलांना सांगतो. त्या परक्या गावातील लोकांनी योसेफ सुताराला कोणत्या नावाने हाक मारली असेल? हा प्रश्न मनात ठेवून, पुढच्या रविवारी त्या पत्र्याच्या खोल्यांपाशी थांबून निदान एकाचे नाव विचारावे, असे आम्ही ठरविले आहे.