नाथांचा गृहस्थाश्रम

ब्रह्मचर्य, गार्हस्थ्य, वानप्रस्थ आणि संन्यास ही आश्रमांची चढती पायरी आपण लहानपणापासून ऐकतो. धर्मसूत्रांत मात्र हा क्रम इतका सरळ नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात तीन पक्ष मांडले आहेत. चारही आश्रम क्रमाने घ्यावेत हा समुच्चय; ब्रह्मचर्यानंतर हवा तो निवडावा हा विकल्प; आणि खरा आश्रम गृहस्थाचाच, हा बाध. गौतम व बौधायन शेवटच्या पक्षाचे. संसार ही मोक्षाच्या वाटेवरील केवळ एक धर्मशाळा नव्हे, असे मानणारे तेव्हाही होते तर!

महाराष्ट्रात या प्रश्नाची किंमत एका कुटुंबाने मोजली. आपेगावचे विठ्ठलपंत पत्नीला मागे ठेवून काशीस गेले व संन्यासी झाले. पुढे आळंदीस रुक्मिणीबाईंची भेट होताच गुरूंना खरा प्रकार कळला आणि त्यांनी शिष्यास घरी परत धाडले. संन्यास टाकून संसारात आलेल्या या दांपत्यास समाजाने वाळीत टाकले; प्रायश्चित्त म्हणून दोघांनी देह ठेवला, असे परंपरा सांगते. त्यांच्याच पुत्राने, ज्ञानदेवांनी, शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवाशास गीतेवरील टीका पूर्ण केली.

पैठणच्या एकनाथांनाही गृहस्थाश्रम गुरुआज्ञेनेच मिळाला. देवगिरीच्या किल्ल्याचा कारभार पाहणाऱ्या जनार्दनस्वामींनी त्यांना तीर्थयात्रेनंतर विवाह करावयास सांगितले. नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला असता अस्पृश्य मानल्या गेलेल्या भुकेल्यांना तो वाढला गेला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. संन्याशाला ना चूल, ना श्राद्ध. ही परीक्षा गृहस्थाचीच व्हावयाची. दुसऱ्यांदा चूल पेटविणाऱ्या गिरिजाबाईंना या कथेत पुरेसे श्रेय मिळत नाही, हे आम्हांस नेहमीच खटकत आले आहे.

विठ्ठलपंतांनी ज्या काशीत संन्यास घेतला, तेथेच शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये या गृहस्थाने आपले भागवत पूर्ण केले. मग ते घरी परतले. हातोहात नकलताना ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले होते, ते दूर करून शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये त्यांनी शुद्ध प्रत सिद्ध केली, ती पैठणास, गोदेच्या काठी.