फू शंग : भिंतीतला ग्रंथ, मुखातला ग्रंथ

इ.स.पू. २१३. छिन साम्राज्याचा अमात्य ली स याच्या सल्ल्यावरून प्राचीन काव्ये आणि राजवचनांचे ग्रंथ प्रजेने जाळून टाकावेत, अशी आज्ञा सुटली. राजविद्वान फू शंग याने 'शांग शू' हा ग्रंथ घराच्या भिंतीत दडवला.

हान राजवट स्थिरावल्यावर त्याने भिंत उकलली. कित्येक प्रकरणे नाहीशी झाली होती, उरली २९. तीच तो शिकवीत राहिला.

सम्राट वन याने या ग्रंथाचा जाणकार शोधविला, तेव्हा फू शंगने नव्वदी ओलांडली होती. प्रवास अशक्य; म्हणून छाओ त्सो या अधिकाऱ्यालाच त्याच्याकडे धाडण्यात आले. पुढच्या एका परंपरेनुसार वृद्धाचे बोलणे अस्पष्ट होते. कन्या ते सांगे, पण तिची बोली छी प्रांताची. दहातले दोन-तीन शब्द छाओ त्सोला उमगत नसत.

आणखी एक परंपरा भिंत गाळून सारे श्रेय स्मरणालाच देते. इतिहासकार स-मा छ्येन काळाने अधिक जवळचा आणि तो भिंतीचीच हकीकत सांगतो. तीच ग्राह्य वाटते. तथापि जुन्या लिपीतल्या वेळूच्या पट्ट्या वाचून दाखवायला तो ग्रंथ मुखोद्गत असलेला माणूस लागतोच.

घोकलेले म्हणून दाखवण्याला चिनीत 'पेइ शू' म्हणतात. इंग्रजीत पाठांतर हृदयाने होते. चिनी 'पेइ'चा अर्थ मात्र पाठ, म्हणजे शरीराची पाठ. विद्यार्थी पुस्तक गुरूपुढे ठेवी, पाठ फिरवी आणि म्हणू लागे. मराठीतला 'पाठ' मूळचा वेगळा, हा योगायोगच.